रोमला भूगोलाने मोठे केले का?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. मी इतिहास शिकवतो, त्यामुळे टायबर नदी आणि सात टेकड्या लाभल्यावर रोम मोठे होणारच होते, मग तिथल्या राज्यव्यवस्थेचे एवढे कौतुक कशाला, हा प्रश्न मला वारंवार ऐकावा लागतो आणि त्यामागची निश्चिंती मला दर वेळी खुपते.

भूगोल मी नाकारत नाही. नदीतल्या बेटाजवळचा उतार, म्हणजे पायी ओलांडता येण्याजोगी उथळ जागा, मिठागरांपासून सॅबाइन डोंगरांकडे जाणारी वाट, समुद्रापासून सुमारे 25 किलोमीटरचे अंतर, हे सारे रोमच्या पथ्यावर पडले. परंतु एट्रुस्कन या शेजारच्या लोकांचे बलाढ्य शहर व्हेई जेमतेम 16 किलोमीटरवर होते, आणि रोमभोवतीचे लॅटियमचे मैदान सुपीक असल्यामुळेच डोंगरातले एक्वी व व्होल्स्की हे लोक त्यावर पुन्हा पुन्हा उतरत. त्यांना अडवायला शेतकऱ्यालाच नांगर सोडून जावे लागे.

इ.स.पू. 495 मधला जो प्रसंग रोमन इतिहासकार लिव्हीने चार शतकांहून अधिक काळानंतर लिहिला, तो मला कधीही शांतपणे शिकवता आलेला नाही. फाटक्या, मळक्या कपड्यांतला एक म्हातारा फोरममध्ये, म्हणजे रोमच्या मुख्य चौकात, येतो; लोक ओळखतात की हा एके काळचा सेंच्युरियन, म्हणजे सैन्यातल्या तुकडीचा नायक. तो छातीवरचे लढाईचे वण दाखवतो आणि सांगतो की, तो शेजारच्या सॅबाइन लोकांशी लढत असताना त्याचे पीक लुटले गेले, घर जाळले गेले, गुरे हाकून नेली गेली, त्यातच कर आला, कर्ज झाले, आजोबा-वडिलांची जमीन गेली आणि अखेरीस सावकाराने त्यालाच कोंडून छळले. मग तो पाठ उघडी करतो. तिथे चाबकाचे ताजे वळ असतात. त्याच वेळी व्होल्स्की चालून येत असल्याची बातमी येते आणि लोक सैन्यात नाव नोंदवायला नकार देतात. पुढच्याच वर्षी सामान्यांचे सैन्य शहर सोडून पवित्र टेकडीवर जाऊन बसते आणि त्यातून त्यांचे रक्षण करणारे ट्रिब्यून नावाचे अधिकारी निर्माण होतात.

विद्यार्थिदशेत मी भूगोलाच्या बाजूने हिरिरीने भांडत असे. तो मुलगा आज विचारेल की, मैदान उघडे नसते तर त्या शिपायांची एवढी गरज भासली असती का, आणि गरज नसती तर सेनेटने, म्हणजे उमरावांच्या सभेने, त्यांचे ऐकले असते का? इतर लॅटिन नगरांनाही तेच शत्रू होते, असे मी म्हणेन. त्यांच्याकडे तो उतार नव्हता, असे तो म्हणेल. शिवाय, ट्रिब्यून मिळूनही कर्जदाराला बांधून ठेवण्याची प्रथा लिव्हीच्याच मते इ.स.पू. 326 पर्यंत टिकली, हेही मला मान्य करावे लागेल.