ट्यूब आडवी लटकली पाहिजे : लेक सिम्कोवरचे माझे तीन हिवाळे

बॅरीला राहायला येऊन आता तीन हिवाळे झाले. टोरंटोच्या उत्तरेला गाडीने तासाभरावर, लेक सिम्कोला जोडलेल्या केम्पेनफेल्ट उपसागराच्या टोकाशी हे गाव आहे. जानेवारीत उपसागर गोठला की बर्फावर रंगीबेरंगी तंबू उभे राहतात आणि प्रत्येक तंबूत कुणीतरी भोकाकडे डोळे लावून बसलेलं असतं. आम्ही मूळचे मालवणचे. खडपावर बसून गरी टाकायची, तंगूस, म्हणजे गरीची दोरी, बोटांत धरून मासा चाचपायचा, हे मला बाबांनी शाळेत जायच्या वयात शिकवलं. त्यामुळे ते तंबू बघून घरात बसवेना.

मला लेक ट्राउट पकडायचा होता. नावात ट्राउट असलं तरी हा आर्क्टिक चारच्या कुळातला मासा आहे, आणि त्याला थंड पाणी लागतं. पाणी साधारण 10 अंशांच्या आसपास असलं की तो खूश. उन्हाळ्यात त्यासाठी तो खोल जातो, पण हिवाळ्यात सगळंच पाणी थंड, म्हणून तळापासून बर्फाच्या खालपर्यंत कुठेही फिरतो. केम्पेनफेल्ट उपसागर चाळीस मीटरपर्यंत खोल आहे. एवढ्या पाण्यात मासा नेमका कुठे आहे हे शोधायचं, तर आमिष झटपट खाली गेलं पाहिजे आणि तितक्याच झटपट वर ओढता आलं पाहिजे. इथली जुनी मंडळी त्यासाठी ट्यूब जिग वापरतात.

ट्यूब म्हणजे मऊ प्लास्टिकची पोकळ नळी. एक टोक बंद आणि गोलसर, दुसरं उघडं आणि झिरमिळ्यांसारखं चिरलेलं. आत शिशाचं डोकं असलेला गळ, म्हणजे जिग, सरकवायचा. दिसायला अगदी साधी वस्तू, आणि म्हणूनच पहिल्या वर्षी मी तिच्याकडे नीट लक्ष दिलं नाही. दुकानात बास माशासाठी ठेवलेल्या तीन इंची ट्यूब उचलल्या, सोबत पाव औंसाची डोकी घेतली. नव्वद फूट पाण्यात पाव औंस वजन तळाला पोचेपर्यंत फ्लॅशरवर दिसलेला मासा निघून गेलेला असायचा. फ्लॅशर म्हणजे खालची हालचाल रंगीत पट्ट्यांनी दाखवणारं गोल यंत्र. मासा दिसायचा, ट्यूबजवळ यायचा, थबकायचा आणि वळायचा. अख्ख्या हंगामात, म्हणजे जानेवारीपासून मार्चच्या मध्यापर्यंत, एकही मासा वर आला नाही.

दोष रंगाचा असेल असं वाटून मी पांढऱ्या, हिरव्या, अंधारात चमकणाऱ्या, सगळ्या ट्यूब घेऊन बसलो. दोष रंगात नव्हताच.

तो कळला मालवणला व्हिडिओ कॉल लावला तेव्हा. बाबांना ट्यूब दाखवली, दोरीला धरून कॅमेऱ्यासमोर लटकवली. नाक खाली, झिरमिळ्या वर, ट्यूब उभी टांगलेली. बाबांनी डोळे बारीक करून बघितलं आणि विचारलं, "मासो असो उभो पोवता काय रे?"

त्यांनी लेक ट्राउट कधी पाहिलेला नाही, पण प्रश्न बरोबर होता. इथला लेक ट्राउट सिस्को आणि स्मेल्ट खातो, तळाशी गोबी खातो. यातला कुठलाच मासा डोकं खाली करून टांगलेला नसतो. माझ्या जिगचं दोरी बांधायचं कडं डोक्याच्या पुढच्या टोकाला, दांडीच्या सरळ रेषेत होतं. दुकानातल्या एका जाणत्या माणसाला विचारून मी ट्यूबसाठीच ओतलेली डोकी आणली. त्यांचं शिसं नळीसारखं लांबट असतं आणि कडं दांडीशी काटकोनात वर आलेलं. या कड्याला दोरी बांधली की ट्यूब आडवी राहते.

आता माझं ठरलेलं माप सांगतो. ट्यूब चार ते साडेचार इंची. साठ फुटांपर्यंत 3/8 औंस, त्यापुढे अर्धा औंस, आणि शंभरी गाठली की 3/4 औंस. गळ 4/0 मापाचा; त्याची वाकण ट्यूबच्या जाडीपेक्षा मोकळी हवी, नाहीतर प्लास्टिकच गळाच्या पोटात गच्च बसतं आणि टोक माशाच्या जबड्यात शिरत नाही. रंगात माझी पहिली पसंती पांढऱ्याला, कारण तो सिस्कोसारखा दिसतो. तळाला लागून खेळायचं असेल तर हिरवट तपकिरी, गोबीसारखा. दोन रंगांत माझा हंगाम निघतो.

गळ बसवणं हे खरं काम. मी ते रात्री घरीच करतो, बर्फावर बधिर बोटांनी जमत नाही. शिशाचं डोकं पाण्यात बुडवून ओलं करायचं, कोरडं घातलं तर नळी आतून ओरबाडली जाते. मग उघड्या टोकाने, झिरमिळ्या बाजूला सारून, डोकं आत सरकवायचं. बाहेरून अंगठा आणि तर्जनीने त्याचा फुगवटा जाणवत राहतो, त्याला चिमटीत धरून हळूहळू नाकाकडे न्यायचं. कडं नळीच्या बरोबर पाठीवर आलं पाहिजे. जरा तिरकं आलं की ट्यूब कुशीवर कलते. जागा पक्की झाली की अंगठ्याने खालून दाबायचं, प्लास्टिक ताणून पांढरट होतं आणि कडं टचकन बाहेर येतं. आधी सुरीने चीर पाडायची नाही, कारण ती चीर माशाच्या पहिल्याच झटक्यात शेपटापर्यंत फाटते. गळाचं टोक झिरमिळ्यांमधून वर, आकाशाकडे बघत राहिलं की काम झालं.

डोकं नाकापर्यंत अगदी टेकवायचं की थोडी पोकळी सोडायची, याला मी सगळ्यात जास्त वेळ दिला. टेकवलं तर ट्यूब जवळजवळ सरळ खाली जाते. दोनतीन मिलिमीटर मागे ठेवलं तर ती घिरट्या घेत उतरते, मरायला टेकलेला मासा उतरतो तशी. घरी बाथटबमध्ये फक्त आडवी लटकते की नाही एवढंच कळतं. घिरट्या बघायच्या तर स्वच्छ उन्हाच्या दिवशी बर्फाच्या भोकात वाकून बघावं. निळसर उजेडात पांढरी ट्यूब गोल गोल फिरत दिसेनाशी होते, ते बघताना थंडी विसरायला होते.

पण या घिरट्यांनी दोरीला पीळ बसतो. म्हणून रीळवर 15 पौंडी विणलेली दोरी, तिला 10 पौंडी फ्लुरोकार्बनचा, म्हणजे पाण्यात सहज न दिसणाऱ्या दोरीचा, पुढचा तुकडा, आणि मध्ये स्विव्हल, म्हणजे गरगर फिरणारी छोटी कडी. दुसऱ्या वर्षी मी ही कडी ट्यूबपासून आठ फुटांवर लावली. फेब्रुवारीच्या एका सकाळी, पंच्याऐंशी फुटांवर, फ्लॅशरवर तळातून लाल पट्टी सुटली आणि ट्यूबकडे चढू लागली. पहिल्या वर्षी मी अशा वेळी ट्यूब थांबवायचो. घाबरलेला सिस्को काही वाट बघत थांबत नाही, तो पळतो. मी रीळ फिरवत ट्यूब वर पळवली. लाल पट्टी वेगाने मागे आली, आणि सत्तर फुटांवर काठी खाली वाकली.

मासा वर आला आणि अडकला. स्विव्हल काठीच्या टोकाच्या कड्यातून आत जाईना. मासा बर्फाखाली काही फुटांवर, रीळ फिरत नाही. मी काठी बाजूला टाकली, हातमोजा काढला आणि फ्लुरोकार्बन बोटांत धरलं. त्याने ओढ घेतली की सोडायचं, सैल पडला की हातावर हात घेत ओढायचं. खडपावर शिकलेलं सगळं बोटांना आठवत होतं. आधी भोकात बुडबुडे आले. लेक ट्राउट वर येताना पोटातल्या पिशवीतली हवा तोंडावाटे सोडू शकतो, त्यामुळे मासा दिसायच्या आधी बुडबुडे दिसतात. मग करडं, फिकट ठिपक्यांचं अंग आणि पांढऱ्या कडांचे पर. त्या दिवशी मला रडू आलं.

तेव्हापासून मी स्विव्हल ट्यूबपासून दोन फुटांवरच लावतो, तिच्या वर आठ फूट फ्लुरोकार्बन. गाठ पालोमार. गाठ कड्याच्या बरोबर वरच्या भागावर ठेवायची. मासा लागला किंवा जिग तळावर आपटली की ती सरकते आणि ट्यूब पुन्हा नाक खाली घालते. दर वेळी वर काढली की बघायचं.

त्या माशाचा एक पर कापलेला होता. शेवाळ वाढवणाऱ्या फॉस्फरसमुळे सिम्कोच्या खोल पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला आणि इथल्या लेक ट्राउटची पिल्लं जगेनाशी झाली. म्हणून कित्येक दशकं सरकार हॅचरीतली, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात वाढवलेली, पिल्लं सोडत आलं आहे, ओळख म्हणून पर कापून. 2008 साली तलावाच्या रक्षणासाठी खास कायदा झाला. तो मासा मी घरी नेला, तिरफळ घालून आमटी केली. चरबी भरपूर असल्यामुळे आमटीवर तवंग आला होता, बांगड्याच्या आमटीवर येतो तसाच.

यंदा जानेवारीच्या अखेरीस तीन मासे लागले. तिसऱ्याचे सगळे पर मी एकेक करून तपासले. सगळे शाबूत होते, म्हणजे बहुधा याच तलावात जन्मलेला. उणे बारा तापमानात माशाला बाहेर ठेवलं तर कल्ले गोठतात, म्हणून त्याला भोकातल्या पाण्यातच धरून गळ सोडवला आणि शेपटीजवळ आधार दिला. त्याने एकदा अंग हलवलं आणि डोकं खाली घालून गेला.

ट्यूब कड्यापाशी फाटली होती. घरी आणून कोरडी केली, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावता येत नाही, सुपरग्लूचा एक थेंब पुरतो, आणि रात्रभर खिडकीत वाळत ठेवली. सकाळी बाथटबमध्ये सोडून पाहिली. आडवी लटकत होती.