एकटीने ३०० नॉटिकल मैल: कमर्शियल लायसन्सच्या लांब फेरीचा वृत्तांत

कमर्शियल पायलट लायसन्ससाठी, म्हणजे पगारी वैमानिक होण्याच्या परवान्यासाठी, एक लांबची फेरी पायलट-इन-कमांड म्हणून, विमानाची सगळी जबाबदारी स्वतःवर घेऊन करावी लागते; मी ती एकटीनेच केली. आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) नियमानुसार ती किमान ३०० नॉटिकल मैलांची, नियमातल्या गोल आकड्यात ५४० किलोमीटरची, हवी आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबायला हवं. पुष्कळ जण ही फेरी उड्डाणाचे तास भरण्यासाठी उरकून टाकतात. मला ते पटत नाही. विमान हाताळायला तोवर आलेलंच असतं. पुढे एअरलाइनमध्ये रोज जे करायचं, म्हणजे जमिनीवर आकडे ठरवणं, हवेत ते तपासत राहणं आणि वेळ आली की नकार देणं, त्याची पहिली तालीम याच फेरीत होते. सोबत इन्स्ट्रक्टर नसतो, हाच तिचा उपयोग.

माझा मार्ग त्रिकोणी होता. आधी ईशान्येला डोंगरापलीकडच्या एका छोट्या, टॉवर नसलेल्या धावपट्टीवर, ९० मैल (इथून पुढे मैल म्हणजे नॉटिकल मैल). तिथून पश्चिमेकडे, समुद्रकाठच्या मोठ्या विमानतळावर, ११०. मग परत, १०५. विमान कार्ब्युरेटरचं जुनं सेसना १७२. मार्ग निवडायला मिळत असेल तर असाच मिश्र निवडा. तिन्ही टप्पे ओळखीच्या सपाट मुलखात ठेवले तर दिवस छान जातो, पण शिकायला फारसं मिळत नाही.

आदल्या संध्याकाळी सगळ्यात जास्त वेळ इंधनात गेला. नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीच्या सूचना, वाचताना कळलं की छोट्या धावपट्टीवर इंधन मिळणार नाही. आमच्या विमानात वापरता येण्याजोगं इंधन सुमारे १५० लिटर, ताशी खर्च साधारण ३२. वाऱ्याचा हिशोब धरून तिन्ही टप्प्यांचे मिळून तीन तास, म्हणजे ९६ लिटर. टॅक्सी आणि चढाईचे वरचे धरून ११०. दिवसाच्या व्हीएफआर उड्डाणाला, म्हणजे बाहेर बघून नजरेच्या भरवशावर केलेल्या उड्डाणाला, किमान अर्ध्या तासाची शिल्लक लागते, माझ्याकडे तासाभराहून जास्त राहत होती. तरी मी मोठ्या विमानतळावर टाक्या भरायचं ठरवलं. त्या शिलकीतूनच पुढे दुपारी मला वाट पाहण्याची मोकळीक मिळाली.

इथे एककांकडे नीट बघा. मॅन्युअलमध्ये गॅलन, पंपावर लिटर, वजनाच्या तक्त्यात पौंड, असा गोंधळ लहान विमानात नेहमीचाच. मोठ्यांनाही तो चुकलेला नाही. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचं एक बोइंग ७६७ हवेतच इंधनाविना राहिलं, कारण किलोग्रॅमच्या हिशोबात पौंडाचा गुणक वापरला गेला होता. वैमानिकांनी ते ग्लायडरसारखं तरंगवत गिमलीच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं आणि सगळे वाचले. म्हणूनच माझ्या वहीत प्रत्येक आकड्यापुढे एकक असतं, एकट्या आकड्याला जागा नाही. टाकीत काडी घालून पातळी स्वतः मोजा, गेजवर जाऊ नका. आणि तळाचा नमुना काढताना घाई नको: १००एलएल हे विमानाचं पेट्रोल निळसर असतं, पाणी जड म्हणून खाली बसतं.

सकाळी निघाले. चुंबकीय ट्रॅक पूर्वेकडच्या अर्ध्यात, त्यामुळे नियमाने उंची विषम हजार अधिक पाचशे, माझ्यासाठी साडेपाच हजार फूट. तीस मैलांवर नदीवरचा रेल्वेपूल डाव्या पंखाखाली यायला हवा होता; तो उजवीकडे दोन मैलांवर दिसला. म्हणजे मी डावीकडे सरकले होते, वारा अंदाजापेक्षा जोरात होता. अशा वेळी 'साठात एक'चा नियम कामाला येतो: साठ मैलांत एक मैल सरकलात तर चूक एक अंशाची. तीस मैलांत दोन मैल म्हणजे चार अंश. उरलेल्या साठ मैलांत ते दोन मैल भरून काढायला आणखी दोन. हेडिंग, म्हणजे विमानाच्या नाकाची दिशा, सहा अंश उजवीकडे वळवलं आणि पुढची खूण जागेवर आली. टॅब्लेटवर हे सगळं आयतं दिसतं, हे मलाही माहीत आहे, आणि तो माझ्याजवळ होताही. पण आधी डोक्यात उत्तर काढा, मग स्क्रीन बघा. आणि दर पंधरा मिनिटांनी हेडिंग इंडिकेटर, म्हणजे जायरोवर चालणारं दिशादर्शक, होकायंत्राशी जुळवून घ्या, कारण जायरो हळूहळू भरकटतो. जुळवताना विमान सरळ आणि स्थिर वेगात हवं, नाहीतर होकायंत्रच चुकीचं दाखवतं.

छोट्या धावपट्टीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वरून एक फेरी मारून वाऱ्याची नळी पाहिली, रेडिओवर आपली जागा आणि इरादा सांगत राहिले, उतरले. एवढंच सांगते की अशा ठिकाणी रेडिओवर कुणी नाही म्हणजे आकाशात कुणी नाही असं नसतं. रेडिओ नसलेली विमानं असतात. मान फिरवत राहा.

दुसरा टप्पा मात्र वेगळ्या जगातला. मोठ्या विमानतळाच्या हद्दीत शिरायच्या बऱ्याच आधी मी हवामानाचं रेकॉर्डिंग ऐकून धावपट्टी, वारा आणि क्यूएनएच (उंचीमापकात लावायचा हवेचा दाब) लिहून घेतलं होतं, आणि पहिल्या हाकेत काय बोलायचं तेही: कोण, कुठे, किती उंचीवर, काय हवंय. नियंत्रक भराभर बोलतात. धावपट्टी, क्लिअरन्स (मिळालेली परवानगी), क्यूएनएच, उंची, दिशा व वेगाच्या सूचना आणि ट्रान्सपॉन्डरचा, म्हणजे रडारवर विमानाची ओळख दाखवणाऱ्या यंत्राचा, कोड जसाच्या तसा परत म्हणायचा असतो, नुसत्या माहितीला 'रॉजर' पुरतं. इंग्रजीची परीक्षा ज्यांना नुसती औपचारिकता वाटते त्यांनी हा टप्पा एकदा करावा. आंतरराष्ट्रीय उड्डाणाला आयकाओची किमान चौथी पातळी लागते. ती पातळी का ठेवली आहे ते इथे कळतं.

माझ्या पुढे एक एअरबस उतरत होतं. मागून मोठी विमानं येत असल्याने नियंत्रकाने मला वेग वाढवून ठेवायला सांगितलं. मी ठरावीक मर्यादेपर्यंत ठेवला आणि त्यापुढे जमणार नाही असं स्पष्ट कळवलं. त्याने एक वळसा दिला, कुणीही रागावलं नाही. नव्या मुलांना वाटतं की टॉवरला नाही म्हणणं म्हणजे उद्धटपणा. उलट, न जमणारी गोष्ट कबूल करून मग धावपट्टीवर तरंगत राहणं त्यांना जास्त महागात पडतं.

मोठ्या विमानामागचे भोवरे मात्र गंभीरपणे घ्या. पंखांच्या टोकांपासून ते निघतात, खाली बसतात आणि वाऱ्याबरोबर सरकतात. लहान विमानाला मध्यम किंवा जड विमानामागे उतरताना वेळेचं अंतर तीन मिनिटांचं असतं. दृष्टीच्या भरवशावर मागे राहायला सांगितलं तर त्याच्या वाटेच्या वरून या आणि त्याची चाकं टेकली त्याच्या पुढे टेका. धावपट्टी लांब असते, घाबरायचं कारण नाही.

तिथे टाक्या भरल्या, आणि खरा प्रश्न उभा राहिला. घरच्या विमानतळाचं तापमान ३१, दवबिंदू २१. फरक गुणिले ४०० हा ढोबळ हिशोब: ढगांचा तळ सुमारे ४,००० फूट. परतीच्या वाटेवर १,९०० फुटांची डोंगररांग. ३,००० फुटांच्या वर ढगांपासून उभं अंतर १,००० फूट ठेवावं लागतं, म्हणजे जास्तीत जास्त ३,००० वरून जाता येणार, आणि डोंगरावर उरणार १,१००. कायद्याने ते चाललं असतं. पण आदल्या रात्री माझ्या कागदावर लिहिलं होतं: डोंगरावर १,५०० फुटांखाली जायचं नाही. म्हणून थांबले.

हा कागद मी सगळ्यांना करायला सांगते. वारा किती, दृश्यमानता किती, ढग किती, उजेड किती उरलेला असताना परत निघायचं नाही, हे सगळं घरी, शांत डोक्याने, शाईने लिहा. विमानाजवळ उभं राहून ठरवायला गेलं की घरची ओढ आकडे हळूच वाकवते. इन्स्ट्रक्टरला फोन करून थांबतेय एवढं सांगितलं. त्यांनी कारणही विचारलं नाही.

उशिरा दुपारी आकडे ३३ आणि २० झाले, तळ ५,००० च्या वर गेला, ढगही विरळ झाले. ३,५०० वर परत आले, थोडे हेलकावे बसले, दमट हवेत अधूनमधून कार्ब्युरेटर हीट (कार्ब्युरेटरमध्ये बर्फ साचू नये म्हणून सोडायची गरम हवा) तपासत राहिले. सूर्यास्ताला भरपूर वेळ होता.

आता करिअरच्या दृष्टीने. आयकाओच्या चौकटीत कमर्शियल लायसन्सला एकूण २०० तास लागतात, मान्यताप्राप्त सलग कोर्समध्ये १५०. त्यात पायलट-इन-कमांड म्हणून १००, सलग कोर्समध्ये ७०, आणि त्यातले २० क्रॉस कंट्री, म्हणजे एका ठिकाणाहून दुसरीकडे जाणारी उड्डाणं. ही फेरी त्या वीसांत धरली जाते. देशोदेशी यावर आणखी अटी असतात, त्या आपापल्या प्राधिकरणाकडून लेखी घ्या. पुढे इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न बघता उपकरणांवर उडण्याची परवानगी), मल्टी-इंजिन, दोन वैमानिकांच्या कॉकपिटचं प्रशिक्षण, टाइप रेटिंग (ठरावीक प्रकारच्या विमानाची परवानगी). आणि कॅप्टनच्या लायसन्ससाठी १,५०० तास. हे सगळं सुरू करण्याआधी क्लास वनची वैद्यकीय तपासणी करून घ्या. रंगदृष्टीत काही निघालं तर ते पहिल्या फीच्या आधी कळलेलं बरं.

मुलाखतीत एकूण तासांपेक्षा, तुम्ही एकट्याने घेतलेल्या एखाद्या निर्णयाबद्दल विचारलं जाण्याची शक्यता जास्त. तेव्हा आदल्या रात्रीचा कागद, इंधनाचा हिशोब आणि त्या दिवशीचे हवामानाचे अहवाल फेकू नका, लॉगबुकात ठेवून द्या. लॉगबुकात दोन्ही विमानतळांची नावं आणि उतरल्या-निघाल्याच्या वेळा स्वतंत्र लिहा. जमल्यास तिथल्या कार्यालयाचा शिक्का किंवा इंधनाची पावती जोडा. टच-अँड-गो, म्हणजे चाकं टेकवून लगेच पुन्हा उडणं, या फेरीत धरत नाहीत, पूर्ण थांबावंच लागतं, आणि लायसन्सच्या अर्जाच्या वेळी नेमकी तीच नोंद शोधली जाते.