आपोआप

वरच्या मजल्यावरच्या सिन्योरा परवा दुपारी मोका घेऊन दारात उभ्या राहिल्या. मोका म्हणजे इटलीत घरोघरी असतं ते आठ पैलूंचं ॲल्युमिनियमचं कॉफीचं भांडं. 1933 पासून त्याचा घाट फारसा बदललेला नाही. त्याची काळी मूठ वितळून सुटी झाली होती. गॅस मोठा ठेवून बाई फोनवर बोलत बसल्या असणार, हे सांगायला ज्योतिषी नको. पण त्या म्हणाल्या, "मी सी ए रोत्तो इल मानिको." म्हणजे मूठ तुटली. आपली आपण तुटली, आणि भुर्दंड मात्र बिचाऱ्या सिन्योरांना. एवढं सगळं त्या 'मी' म्हणजे 'मला' आणि 'सी' म्हणजे 'स्वतःला' यांत बसतं. बाईंचा संबंध फक्त नुकसान सोसण्यापुरता.

मी पक्कड आणायला आत वळले आणि तोंडात तोडण्याचा भूतकाळ सुरू झाला: रुप्पी, रोम्पेस्ती, रुप्पे, रोम्पेम्मो, रोम्पेस्ते, रुप्पेरो.

हा माझा जुना चाळा आहे. काहींना जाता-येता गाणं गुणगुणायला लागतं, मला क्रियापद चालवायला लागतं. कणीक मळताना, पोस्टात नंबर यायची वाट बघताना, दाताच्या डॉक्टरसमोर आ वासून पडलेली असताना मनातल्या मनात. त्यातही साधी, सरळ क्रियापदं नकोत. अनियमित हवीत आणि त्यांना ते आत्मवाचक 'सी'चं शेपूट हवं. घरात आता कोणी काही विचारत नाही. नवरा फार तर एवढंच म्हणतो, "आज कोण?"

"सेदेर्सी."

"बरं."

दोष द्यायचाच तर आठवीतल्या संस्कृतला द्यावा. आमचा संस्कृतचा तास मधल्या सुट्टीनंतर असायचा. डबे खाऊन अर्धा वर्ग पेंगत असायचा, आणि बाई पट्टीने टेबलावर ताल धरायच्या. लभते लभेते लभन्ते, लभसे लभेथे लभध्वे. 'लभध्वे'ला वर्गाला जाग यायची, कारण तो शब्द पेंगत म्हणताच येत नाही. 'लभे लभावहे लभामहे'पर्यंत मागचे बाकही डोलायला लागायचे. अर्थ कोणाला कळत होता असं नाही, पण शंभरपैकी मार्क पडत होते. तिथे रांगेत 'तो' पहिला आणि 'मी' सगळ्यात शेवटी. इटालियनमध्ये 'मी'चा नंबर पहिला. संस्कारांचा फरक म्हणावा का हा, जाऊ दे.

आत्मनेपद आणि परस्मैपद यांतला फरकही त्या बाईंनीच सांगितला होता. दुसऱ्यासाठी यज्ञ करणारा भटजी 'यजति', स्वतःसाठी करणारा 'यजते'. फळ कर्त्याच्याच पदरात पडणार असेल तर आत्मनेपद, असं पाणिनीचं सूत्रच आहे. मागून एकाने हात वर केला. "बाई, मग खादति परस्मैपदी का? डबा तर आपण आपल्यासाठीच खातो ना?" बाई क्षणभर थांबल्या, मग म्हणाल्या, "ते परीक्षेत येत नाही." पुढे मिलानोत पहिल्यांदा आइस्क्रीमच्या दुकानासमोर एक पोरगा 'मी मांजो उन जेलातो' म्हणाला, म्हणजे मी मला एक आइस्क्रीम खातो, तेव्हा मला तो मागच्या बाकावरचा मुलगा आठवला. त्याचा प्रश्न बरोबर होता, देश चुकला होता.

तर सेदेर्सी. सेदेर्सी म्हणजे बसणे. इटालियन माणूस नुसता बसत नाही, स्वतःला बसवतो. मी स्येदो, ती स्येदी, सी स्येदे, ची सेद्यामो, वी सेदेते, सी स्येदोनो. यातला 'मी' बघून मराठी माणसाला हायसं वाटतं. पण लगेच पुढच्या ओळीत 'ती' येते आणि ती निघते 'तू'. सुरुवातीला मला वाटायचं, मी बसले, ती बसली, आणि तू बाई अजून उभीच का?

या रूपांमध्ये एक गंमत आहे. स्येदो, स्येदी, स्येदे, स्येदोनो हे सगळे वाकडे, आणि मधले 'आम्ही' व 'तुम्ही' सरळ: सेद्यामो, सेदेते. मरणे घ्या. मुओयो, मुओरी, मुओरे, आणि मग शहाण्यासारखं मोर्यामो, मोरीते. निघून जाणे घ्या, आन्दार्सेने: मे ने वादो, ते ने वाई, से ने वा, आणि पुन्हा चे ने आन्द्यामो, वे ने आन्दाते. कारण अगदी साधं आहे. 'आम्ही' आणि 'तुम्ही'मध्ये उच्चाराचा जोर शेवटच्या प्रत्ययाकडे सरकतो, त्यामुळे धातूला फुगायला कारण उरत नाही. 'वादो'ची गोष्ट थोडी वेगळी. तो लॅटिनमधल्या एका धातूचा, 'आन्द्यामो' दुसऱ्याच कुठल्या तरी घराण्याचा, आणि त्या घराण्याबद्दल पंडितांचं अजून एकमत नाही. आपलं तरी काय वेगळं आहे? 'जातो' आला 'या'पासून आणि 'गेलो' 'गम्'पासून, आणि दोघे एका क्रियापदात गुण्यागोविंदाने नांदताहेत.

यावरून मी एके काळी एक सिद्धान्तही काढला होता. माणूस एकेकटा असला की वाकडा, 'आम्ही' झाला की सरळ येतो. मग आमच्या इमारतीची वार्षिक सभा झाली. लिफ्टच्या खर्चावरून तळमजला आणि चौथा मजला एकमेकांच्या अंगावर धावून गेले, आणि सिद्धान्त तिथेच निकालात निघाला.

खरी पंचाईत आज्ञार्थात होते. ओळखीच्याला 'स्येदिती', मान द्यायचा असेल त्याला 'सी स्येदा'. एकात शेपूट मागे, दुसऱ्यात पुढे. आदराचं सर्वनाम 'लेइ', म्हणजे शब्दशः 'ती'. भरदार मिशांच्या पोलिसालाही तीच. पूर्वी 'व्होस्त्रा सिन्योरिया' म्हणत, ते स्त्रीलिंगी, म्हणून सर्वनामही स्त्रीलिंगी. परदेशी लोकांना हे विचित्र वाटतं, पण 'स्वारी कुठे निघाली?' असं नवऱ्याबद्दल विचारणाऱ्या भाषेतल्या माणसाने यात हसू नये. मुसोलिनीला मात्र हे खपलं नाही. 1938 मध्ये त्याच्या राजवटीने 'लेइ'ला बायकी आणि परक्या वळणाचं ठरवून हद्दपार केलं आणि सगळ्यांनी 'व्होई', म्हणजे 'तुम्ही', म्हणावं असा फतवा काढला. त्या वेळी 'लेइ' नावाचं बायकांचं एक मासिक निघत होतं. त्या नावाचा अर्थ सरळ 'ती' असाच, आदराबिदराचा काही संबंध नाही. तरी बिचाऱ्यांनी घाबरून नाव बदललं आणि 'आन्नाबेल्ला' केलं. 'लेइ' युद्धानंतर परत आलं, मासिकाचं नाव मात्र बदललं ते बदललंच.

सिन्योरा आणि मी अजून 'लेइ'वरच आहोत. इथे कोणीतरी वयाने मोठ्याने 'द्यामोची देल तू' म्हणायचं असतं, की चला, एकमेकांना 'तू' देऊ या. दार्सी, अनियमित, मी दो, ती दाई, सी दा. आपल्याकडे असा ठराव मांडायची पद्धत नाही. आपण एक तर जन्मापासून अरे-तुरे करतो, नाही तर भांडणात एकेरीवर येतो.

आणखी एक अडलेलं क्रियापद म्हणजे तोल्येर्सी, अंगावरचं काढणे. मी तोल्गो, सी तोल्गोनो. 'सी तोल्गा ले स्कार्पे', तुमचे बूट काढा. हे वाक्य मला बिनचूक येतं आणि अजून कोणाला म्हणता आलेलं नाही. वॉशिंग मशीन दुरुस्त करणारा मनुष्य बुटांसकट स्वयंपाकघरापर्यंत चालत येतो, आणि मी नुसती त्याच्या बुटांकडे बघत राहते. त्याला वाटतं, बाईंना बूट आवडले.

भूतकाळात मात्र मराठी माणसाने कॉलर ताठ करावी. बाई उठली तर 'मी सोनो आल्झाता', बुवा उठला तर 'आल्झातो'. इंग्रज मंडळी इथे वर्षानुवर्षं अडखळतात. आपण 'उठले-उठलो' करतच मोठे झालो. हात धुतले तर हातांप्रमाणेही क्रियापद फिरवता येतं, हेही आपल्याला शिकवावं लागत नाही.

पण ते तुटलेल्या मुठीचं राहिलं. आजोळी फडताळात वरच्या फळीवर लोणच्याची चिनीमातीची बरणी असायची, तोंडाला दादरा बांधलेली. एका मे महिन्यात ती खाली आली. आम्ही धावलो तेव्हा मामेभाऊ लाल तेलाच्या थारोळ्याच्या कडेला उभा होता, पायाच्या बोटांना मोहरीची डाळ चिकटलेली. "बरणी फुटली," तो म्हणाला. आजी म्हणाली, "फुटली? आपोआप? तिला पाय फुटले होते का, खाली उतरायला?" "मी फक्त चेंडू काढत होतो, ती फुटली." आजीने मारलं नाही. काचेपेक्षा वाईट लागतात ते तुकडे एकेक करून सुपात गोळा करत ती एवढंच म्हणत राहिली, "फुटली नाही. फोडली म्हण." शेवटी तो "फोडली" म्हणाला आणि लगेच बोट दाखवून पुढे म्हणाला, "पण फोडायला मला बंड्याने लावली. चेंडू त्याने वर टाकला होता." घराची चौकशी मग बंड्याकडे वळली. बंड्या तोवर विहिरीकडे पसार झाला होता.

इटालियनमध्ये ही 'फुटली'ची सोय फार आहे. ग्लास 'सी ए रोत्तो', मशीन 'सी ए रोत्ता'. आणि बोलोन्याच्या स्टेशनाच्या दर्शनी भिंतीवर 10:25 दाखवणारं घड्याळ 'सी ए फेर्मातो', थांबलं. 2 ऑगस्ट 1980 ला सकाळी दुसऱ्या वर्गाच्या वेटिंग रूममध्ये ठेवलेल्या बॅगेत बॉम्ब फुटला आणि 85 माणसं गेली. घड्याळ तेव्हापासून बंद आहे असं इथले पुष्कळ लोक शपथेवर सांगतात. वास्तविक ते दुरुस्त करून पुढे अनेक वर्षं चालू होतं. 1996 मध्ये बंद पडल्यावर मग कायमचं 10:25 वर ठेवलं. म्हणजे ते थांबलेलं नाही, थांबवलेलं आहे.

आत पाटीवर मेलेल्यांची नावं आणि वयं आहेत. वर लिहिलं आहे: फॅसिस्ट दहशतवादाचे बळी. बॉम्ब फोडला कोणी, याचा पहिला अंतिम निकाल 1995 मध्ये लागला. दोघांची जन्मठेप कायम झाली, आणि दोघेही हा गुन्हा आपला नाही असंच सांगत राहिले. फोडायला लावला कोणी, याचा खटला उभा राहायला 2021 उजाडलं. पैसा पुरवला आणि कट रचला असा आरोप ज्यांच्यावर होता, ती चारही माणसं तोवर मरून गेली होती.