तिठ्यावरचे प्रश्न

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी "सुचतात असेच" म्हणून मी वेळ मारून नेते. दर महिन्याला कोणी ना कोणी चहाचा कप हातात धरून जवळ येतं आणि विचारतं, "ताई, एवढे प्रश्न तुम्ही आणता कुठून?"

गोव्यात, फोंड्याला आम्ही पंचवीस-तीस जण महिन्याच्या शेवटच्या रविवारी एका वाचनालयाच्या माडीवर जमतो. सामान्यज्ञानाची क्विझ, चार-चार जणांचे संघ, दोन-अडीच तास, मध्ये चहा आणि मिरची भजी. जिंकणाऱ्या संघाला पुढच्या महिन्याचा चहा फुकट, एवढंच बक्षीस. कॉलेजची पोरं येतात, एक फार्मसीवाला येतो, दोन निवृत्त मास्तर, एक निवृत्त बस कंडक्टर, आणि सुनेबरोबर येणाऱ्या एक आजी. आजी खेळत नाहीत म्हणतात, पण उत्तर कुजबुजतात. प्रश्न बहुतेक वेळा मी काढते, कारण बाकी सगळ्यांना खेळायचं असतं. पोटासाठी मी एका ऑफिसात दिवसभर हिशेब बघते. त्याचा उपयोग होतो. आकडा जुळेपर्यंत झोप न येण्याची सवय आहे.

लोकांना वाटतं माझ्याकडे एखादं जाडजूड पुस्तक असणार. होतं, एकेकाळी. सर्वांत लांब नदी, सर्वांत उंच धबधबा, कोणत्या देशाची राजधानी कोणती. असे प्रश्न शाळेत ठीक. उत्तर येतं किंवा येत नाही, आणि येत नसेल तर पंख्याकडे बघत बसायचं. त्यात खेळ कसला?

क्विझमधल्या अशा फुटकळ माहितीला इंग्रजीत ट्रिव्हिया म्हणतात. हा शब्द लॅटिनमधून आलाय, 'त्रि' आणि 'विया' म्हणजे तीन वाटा. तीन रस्ते मिळतात ती जागा, म्हणजे आपला तिठा. मला हे कळलं त्या दिवशी फार आनंद झाला होता. आपल्याकडे तिठ्यावर काय नसतं! गाडा, टपरी, बसची वाट बघणारे, कोणाचं लग्न ठरलं, कोणाच्या नारळाला काय भाव मिळाला. माझे निम्मे प्रश्न खरंच तिथूनच येतात.

एक सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्या घराचं छप्पर काढलं होतं. गवंडी पोराला ओरडला, "घमेलं हाड रे!" (कोकणीत हाड म्हणजे आण.) मी ओट्यावर बटाटे सोलत होते. तेवढ्यात नवऱ्याने चावी कुठे म्हणून विचारलं, आणि गवंड्याने शनिवारचा पगार मागितला. घमेलं, बटाटा, चावी, पगार. चारही शब्द पोर्तुगीजांकडून आलेले: गामेला, बटाटा, शाव्ह, पगार. हातातली सुरी ठेवून मी ते वहीत लिहिलं. पुढच्या रविवारी 'कनेक्ट' म्हणून चार चित्रं लावली, त्यांना जोडणारा धागा ओळखायचा. कॉलेजच्या पोरांनी 'बांधकाम' पासून 'मजुरांचा संप' पर्यंत सगळं सांगून पाहिलं. उत्तर ऐकल्यावर फार्मसीवाल्याने कपाळावर हात मारून घेतला. "अरे, हे मला यायला हवं होतं!" हे वाक्य ऐकलं की माझी महिन्याची कमाई झाली. "छे, हे कोणाला माहीत असणार!" ऐकू आलं तर तो प्रश्न वहीतून खोडायचा.

म्हणजे माहिती मिळाली की प्रश्न झाला असं नाही. माहिती हा नुसता नारळ. सोलायचा, फोडायचा, किसायचा, मग सोलकढी.

सगळ्यांत जास्त दिवस मी ज्या प्रश्नावर बसले तो गायिका केसरबाई केरकरांचा. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली आणि दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी ठेवली, वाटेत कोणी भेटलंच तर पृथ्वीवर काय होतं ते त्याला कळावं म्हणून. त्या तबकडीवर भारतातलं एकच गाणं आहे, केसरबाईंची भैरवी, 'जात कहाँ हो'. साडेतीन मिनिटांची. माझा पहिला मसुदा होता, 'व्हॉयेजरच्या तबकडीवर कोणत्या भारतीय गायिकेचं गाणं आहे?' ज्याने वाचलंय तो सांगणार, बाकीचे पंख्याकडे. टाकून दिला.

मग तारखा जुळवत बसले. व्हॉयेजर-२ उडालं २० ऑगस्टला, व्हॉयेजर-१ पाच सप्टेंबरला (हो, दोन नंबरचं आधी उडालं, हा स्वतंत्र प्रश्न आहे, पण जुना झाला). केसरबाई गेल्या १६ सप्टेंबर १९७७ ला. दुसरं यान उडाल्यावर अकरा दिवसांनी. हे पाहून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. तरीही प्रश्न अजून माहीत असणाऱ्यांचाच होता. एक दिवस फोंड्याच्या स्टँडवर उभी असताना बाजूच्या बाईने विचारलं, "ही केरीची बस काय?" आणि मला दार सापडलं. अंतिम प्रश्न असा झाला:

'१९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात गोव्याच्या एका बाईंचा आवाज सोळा दिवसांत दोनदा पृथ्वी सोडून गेला. दुसऱ्या वेळेनंतर अकरा दिवसांनी बाई स्वतः गेल्या. त्यांच्या गावच्या नावाची गोव्यात तीन गावं आहेत. बाई कोण?'

कॉलेजच्या संघाने लगेच पाउन्स केला. पाउन्स म्हणजे आपली पाळी नसताना चिठ्ठीवर उत्तर द्यायचं, चुकलं तर गुण वजा. त्यांना व्हॉयेजर माहीत होतं, तबकडी माहीत होती, पण चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं लता मंगेशकर. वजा पाच. शिवाय लताबाईंचा जन्म इंदूरचा, गाव मंगेशी वडिलांचं. प्रश्न बाउन्स होत होत, म्हणजे एका संघाकडून दुसऱ्याकडे जात, शेवटच्या टेबलावर आला. तिथे आमचे कंडक्टर. त्यांना यान ठाऊक नव्हतं, तबकडी ठाऊक नव्हती. ते बोटं मोजत बसले होते. "तीन गावं म्हणजे केरी. एक पेडण्यात समुद्रावर, एक सत्तरीत, एक आमच्या फोंडा तालुक्यात. बत्तीस वर्षं तिकिटं फाडली, कोणी केरी म्हटलं की आधी विचारायचं, खंयचें केरी? मग केरीची बाई म्हणजे केरकर. गाणारी केरकर एकच." आणि मान खाली घालून, जणू चूक होतेय असं, "केसरबाय?"

माडीवर टाळ्या पडल्या. मी ती भैरवी फोनवर लावली. 'जात कहाँ हो', कुठे चाललीस. कंडक्टर हसून म्हणाले, "हें म्हणजे आमचोच प्रश्न."

त्यानंतर लगेच वाद झाला, ते सांगितलं नाही तर खोटं ठरेल. टाळ्यांच्या भरात मी बोलून गेले की बाईंचा आवाज आता सूर्यमालेबाहेर पोचला. इंजिनिअरिंगची एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, व्हॉयेजर-१ ने २०१२ मध्ये आंतरतारकीय अवकाशात प्रवेश केला, ते खरं. पण ऊर्टचा ढग, म्हणजे सूर्याभोवती फार दूरवर पसरलेला बर्फाळ गोळ्यांचा थर, सूर्यमालेत धरला तर बाहेर पडायला अजून हजारो वर्षं आहेत." बरोबर होतं तिचं. मी वहीत दुरुस्ती केली. ती मुलगी आता पडताळणीला माझ्याबरोबर बसते.

पडताळणीचं वेड मला एका फजितीतून लागलं. अगदी सुरुवातीच्या वर्षी मी मोठ्या अभिमानाने विचारलं होतं, 'आशियातलं पहिलं आधुनिक वैद्यकीय महाविद्यालय कुठे सुरू झालं?' उत्तर म्हणून माझ्याकडे होतं पणजी, १८४२. गोव्यात लहानपणापासून ऐकलेलं. तीन ठिकाणी तपासलंही होतं. मागून एक पाहुणे डॉक्टर शांतपणे म्हणाले, "कलकत्ता आणि मद्रास, दोन्हीकडे १८३५. आमचं नंतरचं." खोलीत असं काही गप्प झालं की खाली रस्त्यावर पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकू आला. घरी येऊन ती तीन ठिकाणं पुन्हा काढली. तिन्हींत वाक्य तेच, शब्दाला शब्द. एकाचं बघून दुसऱ्याने, दुसऱ्याचं बघून तिसऱ्याने उतरवलेलं. तीन साक्षीदार नव्हतेच, एकच होता आणि त्याचा आवाज तीनदा आला होता.

तेव्हापासून प्रश्नात 'पहिला' शब्द आला की मी सावध होते. गोव्यात १५५६ साली छापखाना आला, जुन्या गोव्यात सेंट पॉल कॉलेजात. आला म्हणजे खरं तर अडकला. निघाला होता अ‍ॅबिसिनियाला. भारतातला पहिला, हे पक्कं. पण कोणी उत्साहाने 'आशियातला पहिला' म्हणालं की चीन आणि कोरिया समोर येऊन उभे राहतात, ते कित्येक शतकं आधीपासून छापत होते. राष्ट्रगीताला युनेस्कोने जगात पहिला नंबर दिला, हा फॉरवर्ड तर माझ्या जाऊबाई दर १५ ऑगस्टला पाठवतात. मी दर १५ ऑगस्टला कळवते, असं काही झालेलं नाही. आमचं तेवढंच बोलणं होतं.

चूक कोणी मुद्दाम पेरूनही ठेवतं. फ्रेड वर्थ नावाच्या अमेरिकन माणसाने १९७४ साली ट्रिव्हियाचा कोश काढला. आपला माल कोणी उचलला तर कळावं म्हणून त्यात त्याने एक थाप घातली: टीव्हीवरच्या कोलंबो या गुप्तहेराचं पहिलं नाव फिलिप. मालिकेत असं काही नव्हतंच. काही वर्षांनी ट्रिव्हियल पर्स्यूट हा पटावरचा खेळ जगभर गाजला, आणि त्यातल्या एका कार्डावर उत्तर होतं, फिलिप. वर्थने १९८४ मध्ये तीस कोटी डॉलरचा दावा लावला. खेळवाल्यांनी कोश वापरल्याचं कबूल केलं आणि वर म्हणाले, माहिती कोणाच्या मालकीची नसते. न्यायालयाने त्यांचंच ऐकलं. मला मात्र वर्थबद्दल वाईट वाटत नाही. कोश विकत घेऊन विश्वासाने वाचणाऱ्या माणसाने काय करायचं?

सगळे प्रश्न जमतात असंही नाही. चवथीच्या आधीच्या रविवारी मी माटोळीची फेरी ठेवली. गणपतीच्या डोक्यावर चौकटीला बांधतात ती रानातली फळं-पानं एका सुपात घालून प्रत्येक टेबलावर फिरवली: कांगलां, माट्टुळी, आटकी, घागऱ्या, सुपारीचं शिपटं, तोरिंग, आणि मधोमध लालभडक कवंडळ. वाटलं, चित्रांपेक्षा हे बरं, हातात घेता येतं, वास येतो. पोरांना तोरिंगाच्या पुढे जाता आलं नाही, ते अपेक्षितच होतं. गोंधळ जाणत्यांनीच केला. सासष्टीच्या सुनेने एका फळाला एक नाव सांगितलं, डिचोलीच्या मास्तरांनी दुसरं, आजी म्हणाल्या आमच्यात तिसरंच म्हणतात. कोणाला गुण द्यायचे? क्विझचा पहिला नियम, उत्तर एकच असावं. मी तिघांनाही गुण दिले, चौथा संघ रुसला आणि फेरीच रद्द झाली. कवंडळ मात्र सगळ्यांनी ओळखलं आणि ते कडू आहे हे सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं.

काही प्रश्नांचं उत्तर पक्कं असतं तरी ते जपून काढावे लागतात. '१६ जानेवारी १९६७ ला गोव्यात कशासाठी मतदान झालं, आणि दोन चिन्हं कोणती?' उत्तर: जनमत कौल. महाराष्ट्रात विलीनीकरणाला फूल, वेगळं राहायला दोन पानं. दोन पानं जिंकली. एवढं वाचून दाखवायला अर्धं मिनिट लागतं. नंतर वीस मिनिटं चहा गार होतो, कारण माडीवर मराठी बोलणारी सगळी माणसं असली तरी घराघरात तेव्हा फूलही होतं आणि पानंही. एका पोराने आजींना विचारलं, "आजी, तुम्ही कोणाला मत दिलंत?" आजी म्हणाल्या, "तो प्रश्नात नाही, बाबा. पुढचा घ्या."

तर सध्या माझ्याजवळ पुढच्या रविवारसाठी एक आहे, अर्धा सोललेला. व्यंगचित्रांतून गोवा जगाला दाखवणारे मारियो मिरांडा जन्मले दमणला, १९२६ मध्ये. मंगेशीचं नाव आडनावात मिरवणाऱ्या लताबाई इंदूरला, १९२९ मध्ये. एक तिसरं नाव हवंय, ज्याला सगळे गोव्याचं म्हणतात आणि जे गोव्यात जन्मलंच नाही. काल रात्री जेवताना नवऱ्यावर चाचणी घेतली. तो माझा नेहमीचा परीक्षक. त्याने पाच सेकंदांत सांगितलं तर प्रश्न सोपा समजायचा. विचारलं, गोव्याचं म्हणून जगभर गाजलेलं, पण मुळात बाहेरून आलेलं काय?

त्याने ताटातली आमटी संपवली, पाणी प्यायला आणि म्हणाला, "काजू."

माणूस हवा होता मला. पण ब्राझीलहून आलेला काजू चुकीचा कसा म्हणू? उत्तरं दोन निघतायत, म्हणजे प्रश्न पुन्हा बांधायला हवा. वही तिथेच उघडी आहे.