मिनी वर्गाची नोंद: मोटरचा नियम दुसऱ्यांदा खोडला

आपल्या आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) गाड्यांच्या शर्यतींत पुढच्या सीझनला चौथा वर्ग म्हणून 1/10 मिनी, म्हणजे खऱ्याच्या दहाव्या हिश्श्याची छोटी गाडी, उतरवायची, एवढं पक्कं आहे. बाकी सगळं अजून पेन्सिलीतच.

पहिल्या मसुद्यात मोटर होती सीलबंद 540, म्हणजे आपली सिल्व्हर कॅन, किटमधली साधी ब्रशवाली मोटर. टायमिंग (विंडिंगला वीज कोणत्या क्षणी मिळते ते; पुढे सरकवलं की वेग वाढतो) हलवता येत नाही, नवख्याला सोपी, भांडण मिटलं असं वाटलं. मग तीन कोऱ्या मोटरी एकाच व्होल्टेजवर फिरवून पाहिल्या. तिघींचे आरपीएम तीन तऱ्हेचे! त्यात कुणी ब्रश (आत वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) नीट बसवायला मोटर पाण्यात बुडवून फिरवणार, कुणी डझनभर आणून त्यातली चपळ तेवढी ठेवणार. हळू वर्ग काढायचा आणि शर्यत मोटर निवडण्यात संपवायची, हे मला पटेना. मसुदा खोडला.

दुसऱ्या मसुद्यात 21.5टी (तारेचे साडेएकवीस वेढे, म्हणजे हळू) ब्रशलेस मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) ब्लिंकी मोडवर. दिवा लुकलुकतोय म्हणजे ईएससीचं टायमिंग शून्य, तपासणी एका नजरेत. पण मोटरच्या मागच्या टोपीवरचं टायमिंग कोण बघणार? पहिल्याच चाचणीत एका गड्याने ते कडेपर्यंत फिरवलेलं निघालं (नियमात नव्हतं, त्यामुळे बोलायची सोय नाही). म्हणून आता तिसरा मसुदा: 21.5टीच, पण फिक्स्ड टायमिंगची. पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) किटमधलाच. 2एस लायपो (दोन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी), सुरुवातीच्या रांगेत जास्तीत जास्त 8.40 व्होल्ट. वजन किमान 1,200 ग्रॅम. हॉप-अपमध्ये (वरून बसवायच्या सुधारित भागांत) बेअरिंग आणि ऑइल डँपर, बस्स. मिनीवर कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम चढवणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

चाचणीची गाडी टामियाची एम-05, जिचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 210, 225 किंवा 239 मिमी ठेवता येतो. 210 वर ती फारच भिरभिरते, माझी 239 वर स्थिरावली. मोटर पुढे, ओढ पुढच्या चाकांची, त्यामुळे टूरिंग वर्गात चारही चाकं ओढणाऱ्या गाड्या पळवणाऱ्यांचे हात पहिली दहा मिनिटं चुकतातच. वळणात घाबरून थ्रॉटल सोडला की वजन पुढे येतं, मागची चाकं सुटतात आणि गाडी स्वतःभोवती गिरकी घेते. उपाय उलटा आहे: वेग वळणाआधीच उतरवायचा आणि आत शिरल्यावर थोडा थ्रॉटल धरूनच ठेवायचा. पुढचे टायर मात्र लवकर संपतात, ओढायचंही त्यांनीच आणि वळायचंही त्यांनीच. डावा-उजवा बदलत राहिलो तर जरा पुरतात. अ‍ॅडिटिव्ह (पकड वाढवायला टायरला लावायचं द्रव्य) बंदच ठेवतोय.

एक खबरदारी: एम-05 ची बॅटरीची जागा गोल कडांच्या स्टिक पॅकसाठी आहे. चौकोनी, कडक कवचाची (हार्डकेस) लायपो बसत नाही. कुणी पॅकच्या कडा घासायला गेलं तर हात धरा. घासायचीच तर शासी (गाडीचा सांगाडा) घासा.

खरी डोकेदुखी वेळापत्रकाची निघाली. आज तीन वर्ग, प्रत्येकी दोन हीट (एका वेळी पळणारे गट). पाच मिनिटं शर्यत आणि तीन मिनिटं मार्शल (उलटलेल्या गाड्या सरळ करायला ट्रॅकवर उभी राहणारी माणसं) बदलायला, म्हणजे सगळ्या हीटची एक फेरी 48 मिनिटांची. तीन क्वालिफायिंग आणि एक फायनल धरून 192 मिनिटं. मिनीच्या दोन हीट घातल्या की फेरी 64 वर जाते आणि दिवस 256 वर. एक क्वालिफायिंग काढलं तर आकडा परत 192. गणित इतकं नेमकं बसलं की मीच दोनदा तपासलं. मॉडिफाइड टूरिंगवाले यावर नाराज आहेत. त्यांचं म्हणणं, एक फेरी फसली तर सावरायला जागा उरत नाही. चूक नाही त्यांची. पण पाच गाड्यांच्या हीटला मार्शल पुरत नाहीत, तिथे नव्या वर्गातली माणसंच उपयोगी पडणार आहेत, हेही त्यांनी बघावं.

टामियाच्याच एम-08 वाल्या दोघांनी विचारलंय. मागून ढकलणारी गाडी पुढून ओढणाऱ्यांत मिसळायची का? पहिल्या सीझनला नाही. पुढच्या चाचणीला ते दोघे वेगळी हीट पळवतील, लॅप टाइम शेजारी ठेवू आणि मग बघू.