प्रोलॉगवरून लॉगटॉककडे, मालवणात बसून

प्रोलॉग ही तर्काच्या नियमांवर चालणारी प्रोग्रामिंग भाषा, आणि लॉगटॉक ही तिच्यावर ऑब्जेक्टची भर घालणारी भाषा. प्रोलॉग येत असेल तर लॉगटॉक शिकायला प्रोलॉग सोडावं लागत नाही. तुमचे नियम, युनिफिकेशन (पदं जुळवणं), बॅकट्रॅकिंग (मागे येऊन पुढचं उत्तर शोधणं) सगळं जागच्या जागी राहतं, वर ऑब्जेक्टची चौकट येते. पाउलो मोरा यांचं हे काम १९९८ पासून चालू आहे आणि ते मुक्त स्रोत आहे. लॉगटॉकचा कंपायलर आपला कोड साध्या प्रोलॉगमध्ये उतरवतो आणि चालवतं कुठलंतरी प्रोलॉगच. म्हणून आधी एसडब्ल्यूआय प्रोलॉग, मग लॉगटॉक, हा क्रम. दोन्ही बसली की एसडब्ल्यूआयएलजीटी नावाच्या स्क्रिप्टने सुरुवात करायची. इन्स्टॉलेशनबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

पुस्तकी उदाहरणात प्राणी, पक्षी आणि कुत्रा असतो. मला त्याचा कंटाळा. आमच्याकडे पावसाळी मासेमारीबंदी हा घराघरातला विषय. मामाचा ट्रॉलर १ जूनच्या आधी किनाऱ्याला लागतो, ३१ जुलैपर्यंत हलत नाही, आणि समोरच्याच किनाऱ्यावर रापणीची (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याची) बिनइंजिनाची होडी मात्र पाण्यात दिसते. मामाला विचारलं तर म्हणाला, "बंदी होडयेक नाय गो, इंजिनाक आसा." अख्खा नियम एका वाक्यात मिळाला.

मग फाइल देवनागरीतच लिहिली. पहिल्या ओळीत एन्कोडिंग यूटीएफ-८ असल्याचं सांगायचं. आपल्या लिपीत कॅपिटल अक्षर नाही, त्यामुळे व्हेरिएबलची सुरुवात अंडरस्कोरने करावी लागते. 'नौका' या ऑब्जेक्टमध्ये यांत्रिक आणि बंदी ही दोन प्रेडिकेट (खरी-खोटी ठरणारी विधानं) पब्लिक, म्हणजे बाहेरून विचारता येतील अशी, जाहीर केली आणि लिहिलं:

बंदी(_महिना) :- ::यांत्रिक, बंदीकाळ(_महिना).
बंदीकाळ(जून).
बंदीकाळ(जुलै).

'ट्रॉलर' नौकेवरून वाढवला, त्यात फक्त 'यांत्रिक.' एवढीच ओळ. 'रापण'सुद्धा नौकेवरूनच, पण आत काहीच नाही. क्लास बनवायची सक्ती नाही, ऑब्जेक्टवरून थेट ऑब्जेक्ट वाढवता येतो. ट्रॉलर::बंदी(जून) विचारलं (ऑब्जेक्टला असं विचारणं म्हणजे 'निरोप'), होकार. रापण::बंदी(जून), नकार. रापणीसाठी यांत्रिक नसल्याचं कुठेच लिहिलेलं नाही, तरी एरर नाही. जाहीर केलेलं पण व्याख्या न दिलेलं प्रेडिकेट लॉगटॉकमध्ये सरळ खोटं ठरतं. जाहीरच न केलेलं काही विचारलं की मात्र एरर येतो. हा फरक मला फार आवडला. साध्या प्रोलॉगमध्ये स्पेलिंगची चूक आणि खरोखरचा नकार वेगळे ओळखायला कधीकधी डोकं खाजवावं लागतं.

सगळी गंमत त्या दोन कोलनच्या जोडीत आहे. 'यांत्रिक'च्या आधीचं :: मुद्दाम काढून पाहिलं, तर ट्रॉलरलाही बंदी नाही असं उत्तर आलं. नुसतं 'यांत्रिक' म्हणजे नौकेने स्वतःच्याच घरात बघणं, आणि तिथे तर काही नाही. पुढे :: असेल तर मूळ निरोप ज्याला गेला त्या ऑब्जेक्टपासून शोध सुरू होतो. नवख्याने मॅन्युअलमधलं बाकी सगळं मागे ठेवावं आणि आधी हे एकच नीट समजून घ्यावं.

आणखी एक खूण ^^, म्हणजे ज्यावरून वाढवलं त्या ऑब्जेक्टची व्याख्या वापरणं. पर्ससीनच्या (मोठं जाळं गोल टाकून मासे घेरणाऱ्या) नौकांना आणखी निर्बंध असतात. 'पर्ससीन'मध्ये बंदीची नवी व्याख्या दिली की नौकेतली झाकली जाते. दोन्ही हव्या असतील तर नव्या व्याख्येत ^^बंदी(_महिना) असा एक क्लॉज टाकायचा.

ट्रॉलर::बंदी(_महिना) विचारलं की आधी जून, सेमीकोलन दाबलं की जुलै. प्रोलॉगची ही सवय शाबूत आहे. पण _नौका::बंदी(जून), म्हणजे "जूनमध्ये कोणाकोणाला बंदी?" असं थेट विचारता येत नाही, कारण निरोप कोणाला द्यायचा तेच ठरलेलं नसतं आणि एरर येतो. आधी एक्स्टेंड्स ऑब्जेक्ट हे तयार प्रेडिकेट वापरून नौकेची मुलं एकेक काढायची, मग प्रत्येकीला निरोप.

शासनाने बंदीचा काळ वाढवला तर 'नौका'मध्ये एक ओळ घालायची. ट्रॉलर, रापण, पर्ससीन कशालाच हात लावावा लागत नाही. आता महिन्यांऐवजी तारखा घालते आहे, आणि सोबत लॉगटॉकच्याच एलजीटीयुनिट या चाचणी-साधनात चाचण्या. पहिली चाचणी ३१ जुलैची, दुसरी १ ऑगस्टची.