कायमचा पाय

रविवार, रात्रीचे अकरा

दोनदा हात धुतले, तरी नखांत निळा रंग आहेच. प्रदर्शन संपलं. गंगापूर रोडच्या छोट्या हॉलमध्ये आम्ही सात जणींनी एकतीस चित्रं लावली होती, त्यातली एकोणीस गेली. पैसे सगळे जयपूर फूट, म्हणजे कृत्रिम पाय, बसवणाऱ्या संस्थेला, परदेशातल्या शिबिरांसाठी. ती माणसांना पाय फुकट बसवून देते, अफगाणिस्तानातल्या सुरुंगात पाय गेलेल्यांनाही.

दाराशी टेबलावर नमुन्याचा एक रबरी पाय ठेवला होता. खरंच पायासारखा, गव्हाळ, पाचही बोटं असलेला. चित्रांआधी लोक तिथेच थांबत. एका चिमुरडीने चप्पल काढली, आपला पाय त्याच्या शेजारी टेकवला आणि त्याची करंगळी दाबून पाहिली. "मऊ आहे," तिने आईला सांगितलं. मास्टरजी म्हणजे रामचंद्र शर्मा, हातात कला असलेले जयपूरचे कारागीर. त्यांनी आणि हाडांचे डॉक्टर असलेल्या डॉ. सेठींनी १९६८ च्या सुमारास हा पाय घडवला. परदेशी पायाला बूट लागायचा, उकिडवं बसता यायचं नाही. हा चिखलात अनवाणी चालतो, मांडी घालून जेवायला बसतो. आम्ही ब्रश धरणाऱ्या बायका, पण हे वाचलं तेव्हापासून तो माणूस मला आमच्यातलाच वाटतो.

माझ्या चित्रातला दुतोंड्या मारुती, नाशिकच्या गोदापात्रातली मूर्ती, पहिल्याच तासात गेला, छातीपर्यंत पुराचं पाणी चढलेला. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेल्या एका आजोबांनी घेतला. मी चौकटीवर लाल टिकली लावत होते, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "एवढ्यात एका पोराला पाय बसेल का गं? कायमचा?"

कायमचा या शब्दाशी मी अडले. मोठ्या माणसाचाही पाय झिजतो, बदलावा लागतो. पोराचं तर हाड वाढत राहतं. उरलेला पाय जिच्यात बसतो ती वाटी, सॉकेट, आवळतं, कातडी सोलवटते, मग पुन्हा प्लास्टर, पुन्हा साचा, नवं माप. सहा वर्षांच्या मुलाला मिसरूड फुटेपर्यंत किती पाय लागतील, ते मी त्यांना बोटांवर मोजून दाखवलं. शिवाय १९९७ च्या ओटावा कराराने अशा सुरुंगांवर बंदी घातली तरी आधी पेरलेले सुरुंग जमिनीतच आहेत. गुरं राखणाऱ्या, सरपण गोळा करणाऱ्या मुलांच्या पायाखाली ते आजही येतात. अफगाणिस्तानातली लढाई सुरू झाली तेव्हा यातल्या बहुतेकांचे आईबाप जन्मलेही नव्हते.

आजोबांनी सगळं ऐकून घेतलं, काही बोलले नाहीत. संध्याकाळी चित्र न्यायला आले तेव्हा हळूच विचारलं, "मग पुढच्या वर्षी केव्हा?"

हे आम्ही कुणी ठरवलंच नव्हतं. एकदा करायचं, पैसे पाठवायचे, एवढंच डोक्यात होतं, आणि आता त्याचं फार वाईट वाटतंय. उरलेली बारा चित्रं पलंगाखाली सरकवली आहेत. उद्या सकाळी हॉलवाल्यांना फोन करून पुढच्या वर्षीचे दोन दिवस धरून ठेवायचे. ॲडव्हान्स मी भरते.